सुईचा दोष किती, बाळंतपणाचा किती?

गेल्या अंकात एपिड्युरलचा, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात त्या भुलेचा, ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकींचं म्हणणं एकच : बाळ सुखरूप झालं, सगळे खूश आहेत, मला मात्र दुखतंय आणि कुणी मनावर घेत नाही. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या दोघींना सविस्तर उत्तर द्यावं लागलं. एकीच्या दुखण्याला सुई कारण आहे, दुसरीच्या नाही, आणि दोघींना नेमकं उलटं सांगितलं गेलंय.

प्रश्न : बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि डोकं फुटेल की काय असं झालं. मानेपासून कपाळापर्यंत ठणका, एका कानाला दडा बसलेला. आडवी झाले की पाच-दहा मिनिटांत शांत. आता तिसरा आठवडा चालू आहे. दुखणं थोडं उतरलंय, पण बाळाला पाजायला बसले की पुन्हा तेच. "झोप होत नाही म्हणून दुखतं, भरपूर पाणी प्या, पडून राहा, एपिड्युरलचा काही संबंध नाही," असं सांगून घरी पाठवलं. सुई एकदा घालून काढली आणि वरच्या जागी परत घातली, एवढं मला आठवतं.

उत्तर : संबंध आहे. बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, हे ऐकल्यावर कुठल्याही भूलतज्ज्ञाचे कान टवकारायला हवेत. अपुऱ्या झोपेचं डोकं पाच मिनिटं आडवं होऊन उतरत नाही. कानाचा दडाही त्यातलाच, आणि सुई काढून दुसऱ्या जागी घातली हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे.

मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाची पातळ पिशवी असते आणि तिच्यात पाणी. एपिड्युरलची सुई या पिशवीच्या अलीकडे थांबायची असते. त्वचेपासून ती जागा बहुतेकींमध्ये चार ते सहा सेंटिमीटर आत. सिरिंजचा दट्ट्या अंगठ्यानं दाबत आम्ही भूलतज्ज्ञ सुई तसूतसूनं पुढे सरकवतो. दट्ट्या घट्ट असतो, आणि शेवटच्या पिवळसर अस्थिबंधातून टोक पार झालं की तो एकदम सैल पडतो. तिथंच थांबायचं. त्याच वेळी कळ येते, बाई हलते, किंवा काहीही न होता सुई दोन-तीन मिलिमीटर पुढे जाते आणि पिशवीला भोक पडतं. साधारण शंभरात एकीच्या बाबतीत हे घडतं, अनुभवी हातांकडूनही. तेवढ्यानं कुणी निष्काळजी ठरत नाही. ते झाल्यावर बाईला न सांगणं मात्र मला मुळीच पटत नाही.

ही सुई 16 किंवा 18 गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून जाड असते, कारण तिच्यातून नळी सरकवायची असते. सिझेरियनसाठी जी स्पायनलची सुई मुद्दाम या पिशवीत घालतात ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. म्हणून एपिड्युरलच्या सुईनं चुकून पडलेलं भोक जास्त त्रास देतं. असं भोक पडलेल्या निम्म्याहून अधिक जणींना डोकेदुखी होते. पाणी झिरपतं, आतला दाब कमी होतो, आणि उभं राहिलं की मेंदूचा आधार कमी पडून त्याची आवरणं ओढली जातात.

तुमची डोकेदुखी वैद्यकाला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. 1898 साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर या शल्यविशारदानं पाठीतून भूल देण्याचा प्रयोग साहाय्यकाकडून स्वतःवर करवून घेतला. सुईला सिरिंज नीट बसली नाही आणि बरंच पाणी वाहून गेलं. मग त्यानं साहाय्यकालाच सुई टोचली, नडगीवर हातोडी मारून भूल चढल्याची खात्री केली, आणि संध्याकाळी दोघांनी जेवण, वाइन, सिगार असा बेत केला. पुढचे नऊ दिवस बीअर डोकं धरून होता. आडवं झालं की थांबतं, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय. त्यामुळे ते आज एखाद्या बाईनं सांगितलं तर "झोप होत नाही" हे उत्तर चालत नाही.

आता उपाय. बहुतेकींचं दुखणं एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं. तोवर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन घेता येतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दोन्ही सहसा चालतात, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा चढलेलं बीपी असेल तर आयब्युप्रोफेन विचारूनच घ्यावं. कॅफिननं तात्पुरतं बरं वाटतं, पण ते दुधातून बाळापर्यंत जातं, म्हणून बेतानं. लिटरच्या लिटर पाणी पिऊन भोक बुजत नाही, आणि दिवसभर पडून राहिल्यानंही नाही. पडून राहिल्यावर दुखत नाही एवढंच, शिवाय बाळंतिणीला सतत झोपवून ठेवलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती.

तिसऱ्या आठवड्यातही बसवत नसेल तर ब्लड पॅचबद्दल, म्हणजे तुमचंच रक्त पाठीत सोडून ते भोक बुजवण्याबद्दल, विचारायलाच हवं. गोर्मली नावाच्या शल्यविशारदाच्या लक्षात आलं होतं की पाठीत सुई घालताना ज्यांना थोडं रक्त आलं त्यांचं डोकं कमी दुखतं. त्यावरून त्यानं 1960 साली ही युक्ती मांडली. तो दोन-तीन मिलिलिटर रक्त वापरायचा, आता साधारण वीसपर्यंत जातात. तुम्ही कुशीवर किंवा बसून. एक डॉक्टर पाठीत एपिड्युरलची सुई घालून थांबतो, दुसरा तुमच्या दंडातून निर्जंतुक पद्धतीनं रक्त काढून सिरिंज त्याच्या हातात देतो. रक्त हळूहळू आत जातं तसा कमरेत दाब वाटू लागतो. दुखायला लागलं की सांगायचं, हात तिथंच थांबतो. मग एक-दोन तास पाठीवर झोपायचं आणि पुढचे काही दिवस जड उचलायचं नाही. काही जणींना टेबलावरच "डोकं हलकं झालं" असं वाटतं. पण एका पॅचनं सगळ्यांचं दुखणं पूर्ण जात नाही. पूर्ण आराम साधारण तिघींपैकी एकीला पडतो, अनेकींचं दुखणं बरंच कमी होतं, काहींना दुसरा पॅच लागतो. त्यानंतर कंबर काही दिवस अवघडते. अंगात ताप असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर पॅच करत नाहीत.

त्याआधी बीपी मोजून घ्या. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं आणि त्याचीही सुरुवात डोकेदुखीनं होते. आडवं झाल्यावरही डोकं दुखायला लागलं, दोन-दोन दिसू लागलं, झटका आला किंवा हातापायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय आणि मेंदूचं स्कॅन.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. एपिड्युरल घेतल्यापासून कंबर गेली ती गेलीच. घरी, शेजारी, सगळे म्हणतात, "पाठीत सुई घेतलीस ना, आता जन्मभर भोग." हाडांचे डॉक्टरही म्हणाले, एपिड्युरल घेतलं होतं तर राहणारच. उजवीकडे, कमरेखाली खळी पडते तिथं दुखतं. कूस बदलताना, गाडीतून उतरताना, एका पायावर उभं राहून पँट चढवताना कळ येते. मणक्यात औषध राहून गेलं असेल का?

उत्तर : औषध राहत नाही. एक-दोन दिवसांत शरीर त्याचा निकाल लावतं.

माझ्याकडे कंबर दुखते म्हणून कुणी आलं की मी म्हणते, एका बोटानं दाखवा. सुईची जागा पाठीच्या मधोमध, कमरेच्या हाडांच्या रेषेत किंवा किंचित वर असते. तिथं काळंनिळं होतं, हात लावला की हुळहुळतं, आणि काही दिवसांत ते जातं. बहुतेक जणींचं बोट तिथं जातच नाही. ते खाली आणि बाजूला, तुम्ही लिहिलंय त्या खळीवर जातं. तिथं माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड कटीच्या हाडाला जोडलेलं असतं. गरोदरपणात हा सांधा सैल होतो. कूस बदलणं, गाडीतून पाय बाहेर टाकणं, एका पायावर तोल सांभाळणं, यांतल्या प्रत्येक हालचालीत त्याच्यावर वाकडा ताण येतो. न तपासता शिक्कामोर्तब करणार नाही, पण पत्रावरून माझा संशय त्याच्यावरच आहे.

सुईचं नाव लोकांच्या तोंडी बसलं त्याला कारण आहे. 1990 साली बर्मिंगहॅमच्या एका पाहणीत साडेअकरा हजारांवर बायकांना बाळंतपणानंतर काही वर्षांनी पोस्टानं प्रश्न पाठवले होते. एपिड्युरल घेतलेल्यांपैकी सुमारे 19 टक्के जणींनी लांबलेली पाठदुखी सांगितली, न घेतलेल्यांपैकी साडेदहा टक्के. आकडे भीतीदायक होते. पण ही आठवणीतून दिलेली उत्तरं होती, आणि एपिड्युरल घेणाऱ्या बायकांचं बाळंतपण अनेकदा मुळातच लांबलेलं, अडलेलं असतं. म्हणून पुढे काही संशोधकांनी कुणाला एपिड्युरल आणि कुणाला दुसरं वेदनाशामक हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवून दोन गट केले. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अशाच एका अभ्यासात बायकांना सरासरी दोन वर्षांनंतर तपासलं, कंबर किती वाकते तेही मोजलं. दोन गटांत फरक सापडला नाही. नंतर सगळे असे अभ्यास एकत्र केले तेव्हाही चित्र तेच राहिलं.

एक गोष्ट मात्र सुईच्या बाजूनं नाही. पूर्वी औषधाचा डोस तगडा असायचा. कमरेखालचं सगळं बधिर, त्यामुळे बाई तासन्तास अवघडून पडली तरी तिला कळायचं नाही, आणि तो ताण नंतर निघायचा. हल्ली औषध खूप पातळ करून देतात, बरीच हालचाल करता येते. तरी दर थोड्या वेळानं कूस बदलायला मदत मागा, हे मी प्रत्येकीला सांगते.

तुम्ही काय करायचं? बाळंतिणींचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. त्या सुरुवातीला पोट तपासतील : उताणं झोपवून डोकं उचलायला लावतील आणि बेंबीजवळ बोटं ठेवून पोटाचे दोन उभे स्नायू किती फाकलेत ते बघतील. पोटाची खोल पट्टी आणि कुल्ल्याचे स्नायू ताकदीला आले की हा सांधा गप्प बसतो. त्याला आठवडे लागतात, आणि बऱ्याच जणी दुखणं थोडं कमी झालं की व्यायाम सोडतात. घरी पँट बसून घाला. गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र फिरवा. पाजताना बाळाकडे वाकू नका, बाळाखाली उशी घालून त्याला वर आणा. आठ महिन्यांचं बाळ म्हणजे सात-आठ किलो, आणि ते दिवसातून किती वेळा उचलता याचा हिशेब एकदा घरच्यांनाही द्या. हाडांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : बाळंतपणाला महिना झाला. डाव्या मांडीची बाहेरची बाजू पंजाएवढी बधिर आहे, मध्येच आग होते. चालता येतं. सुई नसेत लागली का?

उत्तर : बहुधा नाही. मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस जांघेतून जाते, आणि पाय पोटाशी ओढून बराच वेळ जोर लावला की ती तिथं दबते. बाळाच्या डोक्याखाली ओटीपोटातल्या नसाही दबतात. एपिड्युरल घेतलेलं असो वा नसो, साधारण शंभरातल्या एकीला बाळंतपणानंतर पायात असा काही बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो. पहिलटकरणींना आणि जोर देण्याचा काळ लांबलेल्यांना जास्त. बहुतेकींचा काही आठवडे-महिन्यांत भरून येतो. घट्ट पट्टा आणि कमरेला काचणारे कपडे टाळा. चवडा वर उचलत नसेल, पाऊल फरफटत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि पावलाला आधाराची पट्टी लावा.

सुईनं कायमची इजा होणं फार दुर्मीळ. एपिड्युरलच्या जागी रक्त साचणं किंवा पू होणं दीड लाखात एखादीच्या वाट्याला येतं. पण ते झालं तर तासांचा प्रश्न असतो, म्हणून लक्षणं सांगून ठेवते. पाठीच्या मधोमध वाढतं दुखणं आणि ताप. पायांतली ताकद कमी कमी होत जाणं. बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा. लघवी अडणं किंवा नकळत होणं. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका, तातडीनं एमआरआय करणारं रुग्णालय गाठा.

प्रश्न : पहिल्या वेळी ड्युराला भोक पडलं होतं, ब्लड पॅचही झाला. आता परत दिवस गेलेत. एपिड्युरल घेता येईल का?

उत्तर : हो, सहसा घेता येतं आणि नीट चालतं. फक्त कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा सांगू नका, सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना मागच्या वेळचा भूल दिल्याचा कागद न्या. सुई कोणत्या मणक्यांच्या मध्ये, किती खोलीवर, किती प्रयत्नांत गेली आणि पॅच केव्हा झाला, हे त्यावर असतं. घरच्या फाइलमध्ये तो बहुतेक नसेल. डिस्चार्ज कार्डवर "एपिड्युरल दिले" यापलीकडे सहसा काही लिहीत नाहीत. मागच्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात लेखी अर्ज करून त्याची प्रत मागा, आणि "कार्ड दिलंय की" म्हणाले तर भूलतज्ज्ञांची नोंद हवी आहे असं पुन्हा सांगा.