घर सीमेपलीकडं गेलं

प्रश्न : माझी आजी लहानपणी तिच्या आईबरोबर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात अंडी विकायला जायची. तिथल्या पोलिश बायका मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या, असं ती अजून सांगते. त्यांची माणसं लढाईवर होती म्हणे. मग १९४५ला युद्ध संपलं, त्यांची बाजू जिंकली, तरी त्या १९४८पर्यंत इथंच का राहिल्या? आणि पुढं गेल्या कुठं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परत जायला त्यांचं घरच उरलं नव्हतं, म्हणून.

हे मला पुस्तकाआधी एका बाईंनी सांगितलं. लेकीकडं लंडनला गेलो होतो, तेव्हा ईलिंग भागात शेजारी एक पोलिश आजीबाई राहायच्या. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि एक पितळी तांब्या घेऊन आल्या. कड चेपलेली, पण घासून लख्ख. ‘वळिवडे,’ म्हणाल्या आणि बोटांवर मोजून दाखवलं, ‘एक, दोन, तीन, चार.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांचं गाव पूर्व पोलंडच्या व्होलिन प्रांतात. १७ सप्टेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा तिथं शिरल्या. १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत घरंच्या घरं मालगाड्यांत कोंबून उत्तरेला, सैबेरियाकडं नेली. या बाई तेव्हा चार वर्षांच्या. पुढं हिटलरनं रशियावर हल्ला केला, १९४१च्या करारानं या लोकांची सुटका झाली आणि त्यांच्यातूनच पोलिश जनरल आंदर्स यांचं सैन्य उभं राहिलं. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सैनिक आणि काही कुटुंबं इराणला पोचली. तिथं ताटातूट झाली. वडील पलटणीबरोबर पुढं गेले, मायलेकी कराचीमार्गे वळिवड्याला आल्या. कॅम्पात जवळजवळ पाच हजार माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं.

आंदर्सच्या सैनिकांनी १८ मे १९४४ला इटलीत मॉन्टे कॅसिनोचा डोंगर सर केला. पुढं ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवरच्या हल्ल्यात आपले मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्याच मोहिमेत हे पोलिशही लढत होते. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, अमेरिका, ब्रिटन आणि रशियाच्या याल्टा इथल्या बैठकीत पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकला होता. ज्या घरासाठी लढले ते सीमेपलीकडं, आणि उरलेल्या देशावर मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार. जुलै १९४५मध्ये ब्रिटननं त्याच सरकारला मान्यता दिली. ज्यांनी सैबेरिया भोगला त्यांनी तिथं जायचं कसं? काही गेले, आंदर्सच्या बहुतेक सैनिकांना मात्र तो धीर झाला नाही. खुद्द आंदर्सचं नागरिकत्व १९४६मध्ये काढून घेतलं गेलं. माझ्या मते ही मित्रराष्ट्रांनी केलेली दगाबाजीच होती.

ब्रिटननं १९४७मध्ये या पोलिशांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. सैनिकांच्या बायकामुलांना तिकडं आणलं. ज्यांचं सैन्यात कुणीच नव्हतं, त्यांतल्या बऱ्याच जणींना आफ्रिकेतल्या छावण्यांत जावं लागलं. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीत घरं गमावलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर.

ईलिंगच्या बाई मुंबईहून बोटीनं गेल्या. सैन्यानं सोडलेल्या तळावर अर्धगोल पत्र्याची झोपडी मिळाली. मधोमध लोखंडी शेगडी, दोन बिऱ्हाडांमध्ये आडवं टांगलेलं घोंगडं. दारात एक पिकल्या केसांचा माणूस उभा होता. बारा वर्षांच्या या मुलीनं त्याला ‘पान’ म्हणून हाक मारली. पोलिशमध्ये परक्या पुरुषाला असंच म्हणतात. ते वडील होते. ते खाली बसले आणि बराच वेळ तिच्या बुटांचे बंद बांधत राहिले, एवढंच तिला आठवतं.

पुढं ते बेडफर्डच्या वीटकारखान्यात लागले. त्यात कमीपणा नव्हता. रणगाड्यांची पोलिश डिव्हिजन चालवलेले जनरल माचेक एडिंबरात बारमध्ये पेले भरत होते. व्होलिनचं घर वडिलांनी पुन्हा पाहिलं नाही.

तुमच्या आजींना कॅम्पातल्या कुणाचं नाव, कुणाचं दार आठवत असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. मलाही पाठवा.