७३० दिवसांचा हिशेब

कोल्हापूर, नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळा,

परवा किरणोत्सवाला देवळात तुझी आई भेटली. "कॅनडाचं पीआर कार्ड ऑगस्टपर्यंत चालतंय, तोवर पोरगा इथंच राहतोय," म्हणाली. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय, म्हणून लिहायला बसले.

ऑगस्ट ही कार्डाची मुदत झाली. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क, टिकतो तो दिवसांवर. पाच वर्षांत ७३० दिवस तू तिथं प्रत्यक्ष असायला हवास. तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात, जाण्या-येण्याचा दिवसही पूर्ण धरतात. तू उतरलास १० जून २०२१ ला, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे तुझे ६१० दिवस भरलेत. म्हणजे १२० कमी. १० जून २०२६ पासून मागं मोज, १० फेब्रुवारी येते. विमान चुकलं, कुणी आजारी पडलं, तर? मी तुझ्या जागी असते तर संक्रांत तिकडंच केली असती.

पाच वर्षं झाली म्हणून मोजणी संपत नाही. त्यानंतर ज्या दिवशी तपासतील, त्या दिवसापासून पाच वर्षं मागं बघतात. इथं काढलेल्या प्रत्येक दिवसामागं २०२१ चा एक भरलेला दिवस हिशेबातून गळत जाईल.

इथं बसून टोरांटोच्या कंपनीचं काम करतोस, ते दिवस धरू नकोस. कॅनडातल्या कंपनीनं स्वतः पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी. तू बाबांच्या बायपाससाठी आलास, आणि आलास ते बरंच केलंस. अशी कारणं माणुसकीच्या नात्यानं विचारात घ्या अशी विनंती करता येते, पण निर्णय अधिकाऱ्याच्या हातात. बाबा आता शिरोलीच्या कारखान्यात जाऊन बसतात, हे तोही बघणार.

आणि पुरावे जप. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. माझा जुना पासपोर्ट खालच्या कप्प्यात राहिला. पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवलं, पण शिक्क्यांची शाई पसरून निळे डाग उरले होते. पुढं माझं कार्ड इथंच संपलं. विमानात बसायला प्रवासाचा वेगळा कागद लागतो, आणि तो देताना दिवस मोजतात. माझे भरले होते, तरी ते दाखवताना मेटाकुटीला आले. घरभाड्याच्या पावत्या, बँकेचे उतारे, टॅक्सचे कागद शोधण्यात महिने गेले. तू आजच प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव.

तुला कायमचं कोल्हापुरातच राहायचं असेल तर तसं घरी बसून ठरव, मला आनंदच आहे. नुसतं राहू-राहू म्हणत पीआर हातचा घालवू नकोस.

आईशी मी बोलते. रविवारी सकाळी दोन्ही पासपोर्ट आणि तिकिटं घेऊन ये. ते ६१० एकदा कॅलेंडरवर बोट ठेवून मोजू.

तुझी,
मावशी