वाचकांचे प्रश्न : सेलवरच्या घड्याळाचे मशीन बदलण्याआधी

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत ग्राइंडिंगचे काम करतो. वडिलांनी लग्नात दिलेले काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ वर्षभरात चार वेळा बंद पडले. नवा सेल टाकला की दोन-तीन आठवडे चालते, मग थांबते आणि टिचकी मारली की पुन्हा सुरू होते. महाद्वार रोडवरील घड्याळजी मशीनच बदलायला सांगतात. ते दुरुस्त होणारच नाही का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टिचकी मारल्यावर घड्याळ चालू लागते, ही आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे. सर्किट जळालेले किंवा कॉइल तुटलेली असती, तर कितीही टिचक्या मारल्या तरी काटा हलला नसता. सेलची पत्ती सैल असली तर असे घडू शकते, म्हणून ती आधी पाहावी. ती घट्ट असेल, तर वीज पोहोचते आहे पण चाके कुठेतरी अडत आहेत, असेच मानून पुढे जावे.

या मशीनमधील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करते आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. तो ठोका केसाहूनही बारीक तारेच्या कॉइलमधून काही सहस्रांश सेकंद जातो, आणि दर ठोक्याला विजेची दिशा उलटत असल्यामुळे रोटर नावाचे चिमुकले चुंबक दर सेकंदाला बरोबर अर्धा फेरा घेते. त्यापुढची चाके ही गती कमी करून काट्यांपर्यंत नेतात. सारा व्यवहार इतक्या थोड्या विजेवर चालतो की शर्टाच्या बटणाहून लहान सेल दोन-तीन वर्षे पुरतो. साहजिकच रोटरचा जोरही तेवढाच नाजूक असतो आणि एखादा कणसुद्धा त्याला रोखू शकतो.

आपले काम ग्राइंडिंगचे आहे, म्हणून माझा पहिला संशय लोखंडाच्या भुकटीवर आहे. मागच्या झाकणाची रबरी रिंग वाळली असेल, किंवा सेल बदलताना झाकणाच्या कडेची धूळ आधी पुसली नसेल, तर ती भुकटी आत शिरते, आणि रोटर स्वतःच चुंबक असल्यामुळे तिला ओढून धरतो. तिथे ती फुंकर मारून निघत नाही.

घड्याळजींना आधी दोन मापे घेण्याची विनंती करावी. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल मीटरवर सुमारे 1.55 व्होल्ट दाखवतो. सेल काढल्यावर कॉइलचा रोध सहसा एक ते तीन हजार ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे. दोन्ही मापे ठीक असतील, तर चाके उतरवून सफाई करणे योग्य ठरेल. रोटर पोलादी चिमट्याने कधीही उचलू नये, कारण तो चिमट्याकडे झेपावतो आणि त्याची टोके वाकू शकतात. त्यासाठी पितळी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा हवा. त्यावरचे कण चिकट लगद्याने टिपून घ्यावेत. कॉइल आणि सर्किट कोणत्याही द्रावात बुडवू नयेत. तेल घड्याळासाठीचेच, तेही मोजक्या टोकांना सुईच्या अग्राने. शिलाई मशीनचे तेल घालून बिघडवलेली घड्याळे मी अनेक पाहिली आहेत आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण पातळ असले तरी ते पसरते, मग घट्ट होते, आणि एवढ्याशा जोराच्या रोटरला चिकट चाके ढकलता येत नाहीत.

आपल्या घड्याळजींचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मशीन बहुतांशी प्लॅस्टिकचे असेल तर ते उघडून परत जुळवण्यापेक्षा नवे बसवणेच शहाणपणाचे आहे. ते धातूचे, स्क्रूंनी बांधलेले आणि चाकांची टोके फिरण्यासाठी आत खडे बसवलेले असेल, तर मात्र सफाईची मजुरी द्यावी, कारण अशी मशीने पुढे अनेक वर्षे चालतात आणि वडिलांनी दिलेली वस्तू आतूनही तीच राहते. बदलायचे ठरलेच, तर काट्यांची भोके, तारखेच्या खिडकीची जागा आणि चावीच्या दांडीची लांबी जुळते का, हे आधी पडताळून घ्यावे. नवी रबरी रिंग दोन्ही वेळी बसवावी, आणि घड्याळ कामाच्या जागी घालू नये.

प्रश्न : माझ्या घड्याळाचा सेकंद काटा अचानक दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला आहे, वेळ मात्र बरोबर आहे. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : हा बिघाड नाही. अनेक मशीनमध्ये सेलचा विजेचा दाब (व्होल्ट) उतरला की सर्किट दोन ठोके एकत्र देऊन तशी सूचना करते. सेल लवकर बदलावा. घड्याळ इतक्यात वापरायचे नसेल, तर निदान जुना सेल काढून ठेवावा, कारण संपलेला सेल आतच राहिला, विशेषतः स्वस्त अल्कलाइन प्रकारचा, तर त्यातून झिरपणारा क्षार पत्ती आणि सर्किट खातो.