ट्रेकवरचं फर्स्ट एड: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ऑफिसमध्ये सीपीआरचं (हृदय थांबलं तर छाती दाबायचं) ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट पण आहे. ट्रेक लीड करायला तेवढं पुरेल ना दादा?

नाही पुरणार. सीपीआर यायलाच हवा, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५-६ सेंटिमीटर खोल, सगळं बरोबर, पण शहरातलं ट्रेनिंग अँब्युलन्स थोड्या वेळात येणार असं धरून चालतं आणि गडाच्या माचीवर कुणाचा पाय मोडला तर तुम्हाला त्या माणसाला चार-सहा तास सांभाळायचंय, गार पडू द्यायचं नाही, पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचंय, उचलायचं की तिथेच ठेवून मदत मागवायची हेही तुम्हीच ठरवणार. म्हणून वाइल्डरनेस फर्स्ट एडचा कोर्स करा, साधारण दोन दिवसांचा असतो, आणि तो जमेपर्यंत सेंट जॉन अँब्युलन्स किंवा रेड क्रॉसचा साधा कोर्स. व्हिडिओ बघून स्प्लिंट (मोडलेला भाग हलू नये म्हणून दिलेला आधार) बांधता येत नाही हो. ग्रुपमधल्याच एकाला जखमी समजून झोपवा, कारवीच्या काठ्या, ओढणी, सॅकमधली मॅट एवढ्यावर पाय बांधा, मग बोटं गार किंवा बधिर पडली का ते बघा. पहिल्यांदा हमखास एकतर ढिलं बसतं नाहीतर करकचून. हाच सराव एकदा अंधारात हेडटॉर्च लावून पण करा.

साप चावला तर वरच्या बाजूला घट्ट बांधायचं असं गावात सांगतात. खरं काय?

बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ पण नको. अंगठी, घड्याळ, पैंजण आधी काढा, सूज आली की निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फ्रॅक्चरसारखा स्थिर करा आणि माणसाला चालवू नका, झोळी करून उचला. साप मारायला किंवा पकडायला धावू नका, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालतं. निघतानाच १०८ ला फोन करा आणि जिथे जाताय तिथे ते इंजेक्शन आहे का विचारून घ्या. मण्यार जास्त फसवी, रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, आणि पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. गुहेत किंवा मंदिरात उघड्यावर झोपलेला कुणी सकाळी असं सांगायला लागला तर अॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नका.

आग्या मोहोळ उठलं तर?

तोंड-डोकं झाकून लांब पळा, पण कड्याकडे नाही. काटे नखाने पटकन काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर त्याला अॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, सेट्रिझिनसारख्या अॅलर्जीच्या गोळीवर वाट बघत बसू नका. आणि परफ्युम मारून, शेकोटी पेटवून मोहोळाखाली बसणाऱ्यांना काय सांगायचं!

सह्याद्रीत भरपूर फिरलोय, आता पहिल्यांदा हिमालयात जातोय. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेऊ का?

कळसूबाई १६४६ मीटर आणि उंचीचा त्रास साधारण २५०० च्या वर सुरू होतो, त्यामुळे सह्याद्रीतला स्टॅमिना इथे फार उपयोगाचा नाही, उलट फिट पोरंच भराभर चढून आडवी होतात. गोळी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. ३००० च्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय तर वर जायचं नाही. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी लगेच खाली, सोबत कुणालातरी देऊन. लीडर ‘सकाळी बघू’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

किटमध्ये काय ठेवू?

त्रिकोणी बँडेज दोन-तीन, क्रेप बँडेज, ग्लोव्हज, गॉज, ओआरएस, स्वतःची नेहमीची औषधं. आणि कागद-पेन्सिल, कारण कधी पडला, कधी उलटी झाली, नाडी किती हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.