पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका

कापसाची वेचणी सुरू झाली की माझ्याकडे येणारी पत्रं वाढतात. हातात थोडा पैसा खेळायला लागतो आणि पावसाळाभर दाबून ठेवलेली भांडणंही बाहेर निघतात. या खेपेला पोलीस ठाणं आणि कोर्टाबद्दलचे पाच प्रश्न घेतले आहेत. नावं आणि गावं गाळली आहेत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचे (गुन्हा आणि शिक्षा) आणि नागरिक सुरक्षा संहितेचे (तपास आणि खटला) आहेत. घटना त्याआधीची असेल तर गुन्ह्याला जुन्या दंड संहितेचं कलम लागतं, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वाद झाला. शेजाऱ्यानं माझ्या भावाच्या हातावर काठी हाणली. रात्री ठाण्यात गेलो तर एनसी लिहून हातात दिली आणि ‘कोर्टात जा’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर हाड मोडलेलं निघालं. आता काही होऊ शकतं का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

होऊ शकतं. एक्स-रे काढून अर्धं काम तुम्हीच केलं आहे.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी दुखापत, कलम ११५(२), अदखलपात्र आहे. तिचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, म्हणून ते ‘कोर्टात जा’ म्हणाले. पण कोणती दुखापत गंभीर धरायची याची यादी कलम ११६ मध्ये आहे आणि हाड मोडणं किंवा निखळणं त्या यादीत आहे. गंभीर दुखापत कलम ११७(२) खाली येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. रात्री हात नुसता सुजलेला दिसत होता तेव्हा लिहिलेली एनसी एकवेळ समजून घेता येते. एक्स-रे आल्यावर ती तशीच ठेवता येत नाही.

उद्याच एक अर्ज लिहा. एनसीचा नंबर, एक्स-रेचा रिपोर्ट, सरकारी दवाखान्याचा एमएलसीचा (पोलीस केससाठी केलेल्या तपासणीचा) कागद जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ‘ठेवून जा, पाहतो’ हे ठाण्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. त्या वाक्यावर घरी आलेल्या किती माणसांच्या केसेस वर्षभरानं माझ्या टेबलावर आल्या, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. ठाणेदारानं गुन्हा नोंदवला नाही तर हीच हकीकत रजिस्टर पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा (कलम १७३(४)). तिथेही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो (कलम १७५(३)). पोस्टाची पावती आणि ती शिक्क्याची प्रत नसेल तर हा अर्ज तिथेच अडतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात ते एक वाक्य टाका.

एफआयआर झाली की तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणंही पोलिसांचं काम आहे (कलम १९३(३)). पुढं पोलिसांनी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) भरून केस बंद करायचं ठरवलं तर मॅजिस्ट्रेटनं आधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकायला हवं. हा नियम १९८५ पासूनचा आहे. तरी कित्येक फिर्यादींना आपली केस ‘ब समरी’त, म्हणजे खोटी ठरवून बंद झाल्याचं तीन वर्षांनी कळतं.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, त्याही सांगतो. समोरचा आता उलटी तक्रार देईल आणि कोणीतरी तुम्हाला ‘दोघांवर करतो मग’ म्हणून भीती घालेल. घाबरू नका, त्याच्या तक्रारीचा तपास वेगळा होतो. आणि भांडणात नसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाचं नाव रागाच्या भरात घालू नका. उलटतपासणीत ते एक खोटं नाव तुमच्या मोडलेल्या हाडालाही खोटं पाडतं.

प्रश्न : (व्हॉट्सअपवर बोलून पाठवलेला, जसा आला तसा) आमची बैलजोडी चोरीले गेल्ती. पोलिसाईनं धरून आनली, पन आता म्हन्तेत कोर्टातून सोडवून आना. हरबऱ्याची पेरनी तोंडावर हाये. बैल काय पुरावा हाये का? (मेहकर तालुका, बुलडाणा)

बैल पुरावाच आहेत भाऊ, म्हणून तर अडले. पण खटला संपेपर्यंत त्यांनी कोंडवाड्यात उभं राहावं असं कायदा म्हणत नाही. मॅजिस्ट्रेटकडे सुपूर्तनाम्याचा, म्हणजे जप्त माल परत ताब्यात मिळण्याचा अर्ज द्या. कलम ४९७ प्रमाणे माल कोर्टापुढं आल्यावर १४ दिवसांत त्याची नोंद आणि फोटो किंवा व्हिडिओ व्हायला हवेत. त्यानंतर ३० दिवसांत माल कोणाकडे द्यायचा त्याचा आदेश. पुढं कोर्टात बैलांच्या जागी ते फोटो चालतात. पेरणी गाठायची तर ३० दिवसांची वाट पाहू नका, अर्जात पेरणीचं कारण ठळक लिहा. मालकी दाखवायला बाजाराची खरेदी पावती जोडा. ती हरवली असेल तर बैलांच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर गुरांच्या दवाखान्यात तुमच्या नावावर चढलेला असतो, तो काढून घ्या. बैल विकणार नाही आणि कोर्टानं बोलावल्यास हजर करीन, असं लिहून द्यावं लागेल.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. ओळखीतल्याच माणसानं तिच्यावर हात टाकला. तक्रार दिली, तो आत गेला. आता गावातले मोठे लोक घरी येतात. तंटामुक्ती समितीत बसून मिटवा, तो पैसे देईल, पोरीचं लग्न करायचं आहे, म्हणतात. मुलीचे वडीलही आता त्यांच्यासारखंच बोलायला लागले आहेत. केस मागं घेता येते का? (एक आई, चंद्रपूर जिल्हा)

नाही येत, ताई. आणि तेच तुमच्या फायद्याचं आहे.

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. तक्रार तुमची असली तरी खटला सरकार चालवतं. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती धुऱ्याची, वाटणीची, नळावरची भांडणं गावातच मिटावीत म्हणून. लेकरावरच्या अत्याचाराचा पंचायतीत भाव ठरवायला नव्हे. दारात येणाऱ्यांना एवढंच सांगा : ‘मिटवणं माझ्या हातात नाही, कोर्टाच्या हातात आहे.’ गावात रोज वाद घालण्यापेक्षा हे एक वाक्य सोपं जातं. मुलीनं बयान फिरवावं म्हणून कोणी धमकी दिली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, कलम २३२, सात वर्षांपर्यंत कैद. मात्र धमकी कधी दिली, कोण होतं, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा आणि ठाण्यात लेखी द्या. मुलीच्या वडिलांनाही हे वाचायला द्या. ते वाईट आहेत असं मला वाटत नाही. रोज संध्याकाळी चार माणसं ओट्यावर येऊन बसली की माणूस थकतो.

मुलीचं बयान तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, वर्दी न घालता घ्यायचं असतं. रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. कोर्टात तिला आरोपीसमोर उभं करायचं नाही. तिची साक्ष, कोर्टानं दखल घेतल्यापासून शक्यतो ३० दिवसांत नोंदवायची आहे. तिचं नाव, शाळा, फोटो बाहेर काढणं हा गुन्हा आहे. गावातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर कोणी टाकलं असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार फुकट देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे (कलम ३९७). बालकल्याण समितीकडून मुलीसाठी एक सहायक व्यक्ती मिळते. ती प्रत्येक पेशीला (कोर्टाच्या तारखेला) सोबत येते. बहुतेक घरांना हे कोणी सांगतच नाही.

आता पैशाचं. आरोपीच्या पैशाला हात लावायची गरज नाही. राज्याच्या मनोधैर्य योजनेत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. त्यांचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, फोन १५१००. खटला संपायच्या आधी अंतरिम भरपाई द्यायचा अधिकार विशेष न्यायालयालाही आहे. महिला म्हणून तुम्हाला वकीलही मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तुमचा जिल्हा वाचून एक जुनी गोष्ट आठवली. १९७२ साली देसाईगंज तुमच्याच जिल्ह्यात होतं, आता ते गडचिरोलीत आहे. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्यावर खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला. ‘पोरीनं आरडाओरड का केली नाही’ हा प्रश्न आजही ओट्यावरची माणसं विचारतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तिची संमती होती की नव्हती हा मुद्दा कायद्यात येतच नाही.

प्रश्न : आमच्या ॲट्रॉसिटीच्या केसमधला आरोपी एक दिवस गावात फिरताना दिसला, तेव्हा कळलं की जामीन झाला. आम्हाला कोणी विचारलंच नाही. असं चालतं का? (भंडारा जिल्हा)

चालत नाही. २६ जानेवारी २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यात (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) कलम १५अ आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि तिथं आपलं म्हणणं मांडण्याचा पीडिताला हक्क आहे. ही नोटीस नुसती औपचारिकता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. आधी कोर्टाच्या रेकॉर्डची नक्कल काढा आणि नोटीस निघाली होती का, कोणाच्या सहीनं बजावली, ते पाहा. ‘फिर्यादीला फोनवर कळवले’ असा शेरा सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नोटीस नसेल तर जामिनाच्या आदेशाविरुद्ध नागपूर खंडपीठात अपील करता येतं, पण त्याला मुदत आहे. नक्कल आठवड्याच्या आत काढा.

समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडून अर्थसहाय्य आलं का, तेही विचारा. गुन्ह्याप्रमाणे ते ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि टप्प्यांनी मिळतं. बहुतेक गुन्ह्यांत पहिला टप्पा एफआयआरनंतरच. निकालाची वाट पाहायची नसते.

तुमच्या जिल्ह्यात २००६ साली खैरलांजी घडलं, एका दलित कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. खुनाच्या कलमाखाली शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही. तेव्हा १५अ नव्हतं. ते असतं तर निकाल वेगळा लागला असता, असा दावा मी करणार नाही. मात्र आता ते आहे, तर प्रत्येक पेशीला ‘आम्हाला ऐका’ असा लेखी अर्ज द्या.

प्रश्न : माझ्या मुलाच्या खुनाच्या केसमध्ये माझी साक्ष आहे. कोर्ट ४० किलोमीटरवर. तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा तारीख पडली. मी मजूर माणूस, रोज बुडते. खासगी वकील लावला तर लवकर होईल का? (हिंगणघाट तालुका, वर्धा)

खासगी वकिलानं तारखा थांबत नाहीत. कोर्टाच्या परवानगीनं तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, शेवटी लेखी म्हणणं देऊ शकतो. साक्षीदारांची उलटतपासणी मात्र तो स्वतः घेऊ शकत नाही, ते काम सरकारी वकिलाचंच. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. आरोपी सुटला तर अपील करायचा हक्क तुम्हाला स्वतःला आहे (कलम ४१३). त्यासाठी सरकारच्या होकाराची गरज नाही. पैसा लागलाच तर तेव्हासाठी राखा.

साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च सरकारकडून देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. साक्ष झाली नाही, नुसती तारीख पडली, तरी तुम्ही हजर होतात. त्याच दिवशी, कोर्ट उठायच्या आत, बेंच क्लार्ककडे साक्षीदार भत्त्याचा अर्ज द्या आणि एसटीचं तिकीट जोडा. मागच्या तीन फेऱ्यांची तिकिटं बहुतेक खिशातच धुतली गेली असतील. समन्सचे कागद तरी घरात शोधा.