‘मरणोत्तर लेखन’ आणि ‘कार्टूनचं डबिंग’

एका वाचकाने विचारलं आहे: प्रश्नमंजूषा तयार करतो आहे. त्यात एक फेरी लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवर आहे आणि दुसरी कार्टूनमधल्या पात्रांना आवाज देणाऱ्या कलावंतांवर. शीर्षकं ‘मरणोत्तर लेखन’ आणि ‘कार्टून डबिंग कलाकार’ अशी योजली आहेत. चालतील का? आणि ‘मृत्यूपश्चात’ बरोबर की ‘मृत्युपश्चात’?

शीर्षकं दोन्ही बदला. गंमत म्हणजे दोन्हींतला घोटाळा एकाच जातीचा आहे. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हा क्रमच त्या शब्दांनी उलटा केला आहे.

‘मरणोत्तर’ची फोड सोपी: मरण + उत्तर. इथे ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं. युद्धोत्तर, स्वातंत्र्योत्तर, पदव्युत्तर ही त्याचीच भावंडं. आता ‘पदव्युत्तर शिक्षण’ म्हणजे काय? पदवी मिळाल्यानंतर घेतलेलं शिक्षण. ‘युद्धोत्तर साहित्य’ म्हणजे युद्ध संपल्यावर लिहिलं गेलेलं साहित्य. त्याच चालीवर ‘मरणोत्तर लेखन’ म्हणजे मेल्यानंतर केलेलं लेखन! ते प्लँचेटवाल्यांच्या अखत्यारीतलं. तुमच्या फेरीतल्या लेखकांनी लिहिलं जिवंतपणीच, छापलं गेलं नंतर. म्हणून ‘मरणोत्तर’ हे विशेषण लेखनाला न लावता प्रकाशनाला लावायचं: ‘मरणोत्तर प्रकाशित पुस्तकं’.

यावर कुणी म्हणेल, मग ‘मरणोत्तर पुरस्कार’ कसा चालतो? तो चालतो, कारण पुरस्कार ही मुळात घटना आहे. तो दिला जातो, आणि ‘दिलेला’ हा शब्द न उच्चारताही ऐकू येतो. लालबहादूर शास्त्रींना १९६६ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं, असं म्हणताना देण्याची क्रिया मृत्यूनंतरची आहे, यात कुणाचा गोंधळ होत नाही. नेत्रदान, देहदान यांचंही तसंच. पुस्तक मात्र वस्तू आहे. ते लिहिणं वेगळं, छापणं वेगळं. ‘मरणोत्तर पुस्तक’ म्हटलं की यातली कुठली क्रिया ‘उत्तर’ आहे हे कळत नाही. उलट ‘मरणोत्तर जीवन’ या फार रुळलेल्या जोडीमुळे ते पुस्तक परलोकाची माहिती देणारं असावं असा भास होतो. ग्रंथालयात अशा नावाचं कपाट दिसलं, तर मी तरी तिथे गरुडपुराण शोधेन.

हिंदीत याच अर्थाने ‘मरणोपरांत’ चालतं. हल्ली मराठी बातम्यांतही ते डोकावतं. चूक म्हणणार नाही, पण घरात ‘मरणोत्तर’ असताना उसनवारीचं कारण दिसत नाही.

मला विचाराल तर याहून मऊ आणि अस्सल मराठी रचना दोन आहेत. ‘त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेलं पुस्तक’ ही एक, आणि ‘त्यांच्या माघारी आलेलं पुस्तक’ ही दुसरी. दोन्हींत एक खुबी आहे: त्या मृत्यूपुरत्या मर्यादित नाहीत. ‘माझ्या पश्चात घराकडे लक्ष ठेव’ असं गावाला निघालेला माणूसही सांगतो. ‘माघारी’ तर नुसत्या गैरहजेरीत कुणाची निंदा करण्यालाही लागतं. म्हणून प्रश्नमंजूषेच्या शीर्षकात हे शब्द थोडे सैल पडतील. ललित लेखात मात्र मी तेच वापरेन. वृत्तपत्रांतल्या निधनवार्तांनी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं असा परिवार आहे’ या साच्यात ‘पश्चात’ला इतकं घट्ट बसवलं आहे की त्याच्यापुढे ‘एक कादंबरी’ आली तर वाचक क्षणभर दचकेल. तेवढं चालायचंच.

‘मरणोत्तर’साठीच्या ‘posthumous’ या इंग्रजी शब्दाची कथा जाता जाता. लॅटिनमध्ये ‘पोस्टुमुस’ म्हणजे सगळ्यात शेवटचा. शेंडेफळाला, आणि विशेषतः बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला तो लावत. पुढे कुणाला तरी वाटलं की यात माती या अर्थाचा ‘हुमुस’ असणार, कारण माणूस मातीत गेल्यानंतरची गोष्ट आहे ना! त्या समजुतीपायी मधे ‘एच’ घुसला तो कायमचा. उच्चारात मात्र त्याला जागा मिळाली नाही. म्हणून ‘पोस्ट-ह्यूमस’ नाही, ‘पॉस्ट्युमस’. बापामागे जन्मलेलं मूल हा मूळ अर्थ पुस्तकाला किती चपखल बसतो, हे वेगळं सांगायला नको.

पण सगळी मुलं सारखी नसतात, आणि तुमच्या फेरीत खरी मजा इथेच आहे. ‘मरणोत्तर प्रकाशित’ या एकाच पाटीखाली निदान तीन वेगळे प्रकार येतात.

काही पुस्तकं लेखकाने पूर्ण करून ठेवलेली असतात. जेन ऑस्टिन जुलै १८१७ मध्ये गेली आणि त्याच डिसेंबरात ‘नॉर्दँगर ॲबी’ आणि ‘पर्स्वेजन’ एकत्र बाहेर आल्या. पुस्तकावर साल छापलं होतं १८१८. त्यातली ‘नॉर्दँगर ॲबी’ तिने तारुण्यात लिहिली होती. १८०३ मध्ये ती एका प्रकाशकाला दहा पौंडांना विकली गेली. त्याने ती छापलीच नाही, आणि शेवटी हस्तलिखित तेवढ्याच पैशांना परत घ्यावं लागलं. म्हणजे लेखनाच्या क्रमात आघाडीची कादंबरी प्रकाशनात पार मागे पडली. जिवंतपणी ऑस्टिनच्या पुस्तकांवर तिचं नाव नसे. या जोडपुस्तकाला तिच्या भावाने चरित्रपर टिपण जोडलं आणि त्यातून वाचकांना लेखिका कोण ते रीतसर कळलं. इथे ‘मरणोत्तर’ हे प्रकाशनाबरोबर ओळखीलाही लागू पडतं. जॉन केनेडी टूल १९६९ मध्ये गेला. त्याच्या आईने ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ या कादंबरीसाठी जिद्द सोडली नाही. ती १९८० मध्ये छापली गेली आणि १९८१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. मरणोत्तर प्रकाशनाला मरणोत्तर पुरस्कार, असा दुहेरी योग. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ याच गटातलं: महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला, प्रकाशन १९५७ मध्ये.

दुसऱ्या प्रकारात लेखकाने सोडलेल्या कागदांतून कुणीतरी पुस्तक उभं करतं. काफ्काने सगळं जाळून टाक असं मित्राला, माक्स ब्रोडला, सांगून ठेवलं होतं. ब्रोडने ऐकलं नाही. काफ्का १९२४ मध्ये गेला आणि पुढच्या तीन वर्षांत तीन अपूर्ण कादंबऱ्या आल्या. टॉल्किनचं ‘द सिल्मॅरिलियन’ त्याच्या मुलाने जुळवून १९७७ मध्ये आणलं, बाप गेल्यावर चार वर्षांनी. इथे ‘मरणोत्तर संपादित’ म्हणणं जास्त प्रामाणिक.

तिसरा प्रकार सगळ्यात अजब, आणि भाषेत रस असणाऱ्यांच्या घरचाच. फेर्दिनां द सोस्यूर १९१३ मध्ये गेला. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया मानला जाणारा त्याचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. पण तो त्याने लिहिलेलाच नाही! व्याख्यानांना बसलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. त्याला ‘मरणोत्तर लेखन’ म्हटलं तर एकवेळ चालेल, कारण लिहिणं खरोखरच मरणानंतर झालं, फक्त दुसऱ्यांच्या हातांनी.

फसवे प्रश्न हवे असतील तर दोन सुचवतो. काफ्काची, माणसाचा कीटक होतो ती प्रसिद्ध कथा मरणोत्तर नाही, ती १९१५ ची. आणि कोपर्निकसचा ग्रंथ, परंपरा सांगते त्याप्रमाणे, १५४३ मध्ये तो मृत्युशय्येवर असताना त्याच्या हाती पोचला. म्हणजे तोही थोडक्यात हुकला.

आता ‘डबिंग’. हा शब्द इंग्रजीतल्या ‘डबल’वरून आलेला. चित्र आधी तयार आहे, त्यावर आवाज नंतर चढवला, तर ते डबिंग. एका भाषेतला आवाज काढून दुसरीतला बसवला, तरीही डबिंगच. दूरदर्शनवर आलेल्या जपानी मोगलीच्या मालिकेत शेरखान हिंदीत नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला, ते डबिंग. चित्रं जपानमध्ये कधीच पूर्ण झालेली होती.

पण अमेरिकी कार्टूनमध्ये साधारणपणे क्रम उलटा असतो. आधी कलावंत कागद बघून संवाद ध्वनिमुद्रित करतात आणि चित्रकार तो आवाज ऐकून ओठ, भुवया, खांदे काढतात. ‘द सिम्प्सन्स’ मालिकेतल्या बार्ट सिम्प्सनचा आवाज असलेली नॅन्सी कार्टराइट (ती गेली होती लिसाच्या भूमिकेच्या चाचणीला, हाही एक प्रश्न घ्या) बार्टच्या तोंडावर आवाज चढवत नाही. तिच्या आवाजावर बार्टचं तोंड बेततात. तिला ‘डबिंग कलाकार’ म्हणणं म्हणजे गाण्याच्या मूळ गायिकेला ‘कव्हर’ गाणारी म्हणणं.

नियमाला अपवाद आहेत, आणि ते मोठे लोभस आहेत. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’मध्ये आवाज चित्रानंतर जुळवला होता. मिकीचा आवाज बरीच वर्षं स्वतः वॉल्ट डिस्नेचाच होता. पॉपायच्या जुन्या कार्टूनमध्येही आवाज मागाहून भरत. त्यामुळे पॉपायचा आवाज असलेला जॅक मर्सर मनाला येईल ते पुटपुटे आणि पॉपायचे ओठ मात्र हलत नसत. त्या पुटपुटण्यानेच पात्राला स्वभाव मिळाला. जपानमध्ये चित्र आधी, आवाज नंतर हीच प्रथा आहे. १९८८ च्या ‘अकिरा’ या चित्रपटाने ती मोडली म्हणून त्याची चर्चा झाली. म्हणजे १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’ मालिकेतल्या गोकूचा आवाज असलेल्या मासाको नोझावा चित्रावर आवाज बसवतात. तरीही त्यांना ‘डबिंग’वाल्या म्हणवत नाही, कारण आवाज मूळचा आहे.

मग मराठीत काय म्हणायचं? ‘आवाज देणे’ सर्वांना कळतं, पण हल्ली हिंदीच्या सवयीने ‘त्याला आवाज दे’ म्हणजे हाक मार असाही अर्थ झाला आहे. ‘डोनाल्डला आवाज दिला’ यात डोनाल्ड ओ देईल की काय असं वाटतं. ‘आवाज काढणे’ नकलेकडे झुकतं. नाटकवाल्यांकडे शतकानुशतकांचा शब्द पडून आहे: वाचिक अभिनय. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक या चौकडीतला दुसरा. अर्थाने तो अगदी नेमका, फक्त शीर्षकात जरा जड. साधं ‘कार्टूनमागचे आवाज’ लिहा. खेळकर हवं असेल तर ‘बोलविते धनी’. तुकोबांच्या अभंगातली साळुंकी मंजुळ बोलते, पण ‘शिकविता धणी वेगळाची’. राजकारणाने या धन्याला कपटी करून टाकलं आहे, एरवी शब्द झकास आहे. काटेकोर वाचक म्हणतील की खरा बोलविता धनी संवादलेखक. म्हणू द्या.

‘कार्टून’ मात्र राहू द्या. ‘व्यंगचित्र’ करू नका. ते छापील असतं, त्याला आवाज नसतो.

तुमच्या दोन फेऱ्या एकमेकींना भेटतात अशाही जागा आहेत, आणि ‘मरणोत्तर’ची खरी परीक्षा तिथे होते. ऑर्सन वेल्सने ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या चित्रपटासाठी युनिक्रॉन या खलपात्राचे संवाद मृत्यूच्या काही दिवस आधी मुद्रित केले. तो ऑक्टोबर १९८५ मध्ये गेला, चित्रपट आला १९८६ मध्ये. ही ‘मरणोत्तर प्रदर्शित भूमिका’. पॉल न्यूमन २००८ मध्ये गेला, पण ‘कार्स’च्या वेळी मुद्रित केलेले आणि न वापरलेले त्याचे तुकडे २०१७ च्या तिसऱ्या भागात वापरले. हा ‘मरणोत्तर वापर’. बग्ज बनीचा आवाज असलेला मेल ब्लँक १९८९ मध्ये ‘जेट्सन्स’च्या चित्रपटाचं काम चालू असतानाच गेला, त्याच वर्षी जॉर्ज जेट्सनचा आवाज असलेले जॉर्ज ओहॅनलनही गेले. दोघांचे उरलेले संवाद जेफ बर्गमनने पुरे केले. ‘मरणोत्तर पूर्ण’ म्हणा. उलट फिल हार्टमन १९९८ मध्ये गेला तेव्हा ‘सिम्प्सन्स’वाल्यांनी त्याची पात्रंच बंद केली, कुणाकडे सोपवली नाहीत. तिथे ‘मरणोत्तर’ काहीच उरत नाही.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. सुटा ‘मृत्यू’ मराठीत दीर्घ, आणि मराठी शब्दयोगी अव्यय लागलं तरी दीर्घच: मृत्यूनंतर, मृत्यूपूर्वी. संस्कृत शब्दाशी समास झाला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: मृत्युपत्र, मृत्युलेख, मृत्युशय्या. ‘पश्चात’ संस्कृतातून आलेला असल्याने मी ‘मृत्युपश्चात’ लिहितो. आणि त्या ‘त’चा पाय मोडू नका, ‘अर्थात’, ‘क्वचित’ यांच्यासारखाच तो मराठीत पूर्ण लिहायचा.