निसर्ग मंडळातली मोठी मुलं आणि धाकट्यांचं वाचन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबर, पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. मध्ये दिवाळीची सुट्टी. त्यामुळे या अंकात एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत: पक्षी-प्राण्यांचं वेड असलेल्या सातवी-आठवीच्या मुलांनी दुसरी-तिसरीच्या मुलांना वाचनाकडे कसं आणायचं?

प्रश्न : आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळात सातवी-आठवीची चौदा मुलं आहेत. धाकट्या वर्गांना प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवायची त्यांची इच्छा आहे. वन्यजीव सप्ताहात मोठा कार्यक्रम ठेवावा का? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

पाहुणे, हार-नारळ आणि शंभर मुलांसमोर माईकवरून वाचन हे आधी डोक्यातून काढून टाका. चित्रपुस्तक चौथ्या ओळीच्या पुढे दिसत नाही, आणि चित्र दिसलं नाही की दुसरीचं मूल शेजाऱ्याला कोपराने ढोसायला लागतं. एका गटात आठ ते दहा मुलं पुरे. चौदा मुलांच्या सात जोड्या करा. जोडीतल्या एकाने वाचायचं, दुसऱ्याने मुलांकडे लक्ष ठेवायचं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. एकाच वर्गात दोन गट बसवू नका, आवाजात आवाज मिसळतो. ओटा, व्हरांडा, चिंचेखाली, जिथे जागा असेल तिथे पांगवा.

वेळ वीस मिनिटं. पहिली तीन-चार गप्पांची, आठ-दहा वाचनाची, उरलेली पुस्तक हातात घेऊन उलटण्यापालटण्याची. ही शेवटची मिनिटं कापू नका, खरं काम तिथेच होतं. परिपाठ संपल्यावरची वेळ सगळ्यात बरी. जेवणाच्या सुट्टीआधी खिचडीचा वास सुटतो आणि शेवटच्या तासाला दप्तरं भरलेली असतात.

तयारी मात्र नीट करून घ्या. वाचणाऱ्याने पुस्तक तीनदा वाचायचं: एकदा मनात, एकदा मित्रापुढे मोठ्याने, आणि एकदा पुस्तक प्रत्यक्ष धरून. हे तिसरं वाचन सगळे टाळतात आणि नेमकं तिथेच अडतं. पुस्तक पोटाशी धरलं तर चित्र वाचणाऱ्यालाच दिसतं. उजव्या हाताच्या मुलाने पुस्तक डाव्या हातात, खालून मधोमध धरून खांद्याजवळ न्यायचं, पान मुलांकडे ठेवायचं आणि स्वतः तिरकं बघून वाचायचं. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्रावर येत नाही. खिडकी ऐकणाऱ्यांच्या पाठीमागे हवी. वाचणाऱ्याच्या मागे असली तर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पान काळं दिसतं. गुळगुळीत कागदाचं पुस्तक असेल तर चकाकी कुठून येते तेही आधी बघून घ्या.

आणि एक पथ्य. वाचून झाल्यावर ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न बंद. झाडे लावा, पाणी वाचवा हेही बंद. मोठ्या मुलांना शिक्षकांची नक्कल करायची फार हौस असते. हातात पुस्तक आलं की ती परीक्षा घ्यायला लागतात. धाकट्यांना पुढच्या वेळी गोष्ट आठवत नाही, उत्तर चुकलं होतं तेवढं आठवतं.

सप्ताहात सुरुवात जरूर करा, पण नंतर आठवड्यातून एक ठरलेला वार ठेवा आणि तो निदान दोन महिने चालवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. मी तिसरीच्या मुलांना पक्ष्यांबद्दल वाचून दाखवतो, पण तीन-चार पानं झाली की मुलं उठतात किंवा पुढची चित्रं बघायला पुस्तक ओढतात. माझं काय चुकतंय? (विद्यार्थी, जळगाव जिल्हा)

बहुधा तू माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचतोस. लांबी इतके सेंटिमीटर, आढळ अमुक ठिकाणी, खाद्य तमुक: हे तुला गोड लागतं, कारण तो पक्षी तू पाहिलेला असतोस. त्यांच्या डोक्यात अजून प्रश्नच नाही, मग उत्तर कशाला ऐकतील?

तेव्हा आधी प्रश्न तयार कर. तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण घे. बहिणाबाईंची खोप्याची कविता मुलांच्या कानावरून गेलेली असते. कवितेत सुगरण पिल्लांसाठी खोपा बांधते. पुस्तक मिटलेलंच ठेव आणि विचार, ‘खोपा कोण बांधतं, आई की बाबा?’ सगळी ओरडतील, आई! मग पुस्तक उघड आणि तेवढाच भाग वाच. खोपा विणतो नर. विणीच्या दिवसांत डोकं आणि छाती पिवळीधमक झालेला नर गवताच्या, उसाच्या पात्याच्या लांब पट्ट्या सोलून आणतो आणि चोचीने गाठी मारतो. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर नर खालची नळी पुरी करतो, नाही तर तो अर्धवटच लटकत राहतो. विहिरीवरच्या बाभळीला असे अर्धे खोपे तू पाहिले असशील. मुलांना सांग, येताना बघून या, किती पुरे आणि किती अर्धे. पुढच्या आठवड्याचा प्रश्न तीच घेऊन येतील.

पुस्तक ओढतात ही तक्रार नव्हे. वाचन सुरू करण्याआधीच सगळी चित्रं एकदा भरभर दाखव, एक शब्द न बोलता. उत्सुकता मरत नाही, उलट ‘ते साप गिळणारं पान कधी येणार’ म्हणून मुलं बसून राहतात. कोणी मध्येच प्रश्न विचारला तर थांब. उत्तर येत नसेल तर ‘शोधूया’ म्हण आणि पुस्तकातच शोधून दाखव. अनुक्रमणिका कशाला असते ते मुलांना असंच कळतं.

पक्षी सप्ताहासाठी एक प्रसंग सुचवतो. सप्ताह ५ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि १२ नोव्हेंबरला, सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. लहानपणी सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा होता. ही कोणती चिमणी हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्ड या गोऱ्या साहेबाने त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. हे तुझ्या शब्दांत एका पानावर लिहून वाच. ‘त्यांनी चिमणी मारली?’ असं मुलं विचारणारच. लपवू नकोस. हो, मारली, त्या काळी पक्षी हातात घेऊनच ओळखत, आता दुर्बीण आणि कॅमेरा आहे.

प्रश्न : आमच्या भागात उसात बिबट्या आहे. मुलं संध्याकाळी घराबाहेर पडायला घाबरतात. अशा गावात ‘वन्यप्राणी आपले मित्र’ छापाची पुस्तकं वाचायची का? (पालक, जुन्नर तालुका)

मित्र छापाची अजिबात नकोत. ज्या घरातलं कुत्रं किंवा शेळी गेली आहे, किंवा ज्या गावात माणूस गेला आहे, तिथे हसऱ्या बिबट्याचं चित्र क्रूर वाटतं. आणि रक्ताळलेल्या सुळ्यांच्या नरभक्षक-कथाही नकोत. मुलांना हवी असते ती वागायची रीत, आणि ती वाचनातून देता येते.

निसर्ग मंडळातल्या मुलांनी चार पानांची घडीची पुस्तिका स्वतः बनवावी: मोठी अक्षरं, एका पानावर दोन वाक्यं. मजकूर असा: अंधार पडताना एकटं जायचं नाही, मोठ्या माणसाबरोबर जायचं, हातात बॅटरी, तोंडाने बोलणं चालू. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही. बसलेलं मूल बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, ओरडत हळूहळू मागे सरायचं. तोडणीत बछडे दिसले तर हात लावायचा नाही, मादी रात्री न्यायला येते; वनखात्याला १९२६ वर कळवायचं. छापण्याआधी मजकूर वनरक्षकाला किंवा वनपालाला दाखवून घ्या.

हे वाचन बापे-बाया घरी असताना करा, शाळेतच अडकवू नका. दुसरीतलं मूल आजीला पुस्तिका वाचून दाखवतं तेव्हा आजीही ऐकते. मात्र एखादं मूल रडू लागलं किंवा गप्प झालं तर त्या दिवशी वाचन थांबवा, त्याला ओढून बसवू नका.

प्रश्न : मुलांच्या पुस्तकांत चुका आढळतात. एका पुस्तकात बिबट्याच्या चित्राखाली ‘चित्ता’ लिहिलं आहे. अशी पुस्तकं काढून टाकावीत का? (ग्रंथपाल, नाशिक)

टाकू नका, वापरा. आठवीच्या निसर्गवेड्या पोराला चूक पकडण्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा नसतो. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे, शिवाय डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत काळी रेघ. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले. म्हणजे आपल्या गावात दिसला तो चित्ता नव्हेच.

हमखास सापडणाऱ्या इतर चुका: पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर (एक दक्षिणेचा, दुसरं उत्तर ध्रुवाकडचं), दूध पिणारा नाग, दिवसा आंधळं घुबड, वाळूत डोकं खुपसणारं शहामृग. चूक सापडली की पुस्तकात खाडाखोड नाही. शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर पान क्रमांक, काय चुकलं आणि ते कशावरून ठरवलं. ‘कशावरून’ रिकामं असेल तर चिठ्ठी परत. त्या एका रकान्यासाठी मूल आणखी दोन पुस्तकं उघडतं. फक्त साप हातात धरलेल्या मुलांची फोटोपुस्तकं मात्र कपाटातच राहू द्या. तिथे चिठ्ठी पुरत नाही.

वयाचंही बघा. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवरचं उत्तम पुस्तक आहे, पण त्यात नवा नर टोळी बळकावतो तेव्हा पिल्लं मारली जातात. आठवीतल्या मुलाने स्वतः वाचावं, धाकट्यांपुढे नको.

प्रश्न : हाताशी दोनच हजार रुपये आहेत. काय घ्यावं? (शिक्षक, गोंदिया जिल्हा)

जाडजूड ज्ञानकोश घेऊ नका. ते कपाटाची शोभा होतात. पातळ चित्रपुस्तकं घ्या, आणि ज्यांचं वाचन होणार आहे त्यांच्या दोन-दोन प्रती. वाचून दाखवलं की सगळ्यांना तेच पुस्तक हवं असतं आणि भांडणं तिथूनच होतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त पडते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवून छापता येतात, आणि त्यांवर वाचनाचे एक ते चार स्तर दिलेले असतात. दुसरीसाठी पहिल्या दोन स्तरांतूनच निवडा. छापलेली पानं वहीसारखी दुमडून मधोमध तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा, कारण स्टेपलच्या पिना पावसाळ्यात गंजतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, पिवळा पडतो आणि गोंद पसरतो. पातळ कागदाची पट्टी, पाणी घातलेला फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा कागद आणि रात्रभर वजन.

प्रश्न : वाचनाच्या वेळी दाखवायला मुलं घरटी, अंडी आणतात. चालेल? (शिक्षिका, रत्नागिरी)

नाही. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी-अंडी हलवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. रिकामं वाटणारं घरटंही पुन्हा वापरात येऊ शकतं. गळलेली पानं, शेंगा, शेकरूने कुरतडलेलं फळ, चिखलातल्या पावलाच्या ठशाचं चित्र यांवर वाचन छान रंगतं.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. आवाजावरून पक्षी ओळखतो, पण पुस्तक म्हटलं की पळतो. (आई, सिंधुदुर्ग)

त्याला बहुधा अजून अडखळत वाचावं लागतं आणि त्याची लाज वाटते. गोष्टीची पुस्तकं थोडे दिवस बाजूला ठेवा. रात्री त्याला दिवसभरात दिसलेल्या एका पक्ष्याबद्दल सांगू द्या आणि तो बोलेल ते शब्दशः वहीत लिहा, त्याच्या मालवणीसकट. चार ओळी पुरेत. दुरुस्ती करू नका. सकाळी त्याला त्या वाचायला द्या. वाक्यं त्याचीच असल्यामुळे पुढचा शब्द त्याला अंदाजाने येतो आणि अडखळणं कमी होतं. दहा-पंधरा पानं झाली की पक्ष्यांच्या सचित्र पुस्तकात त्याच पक्ष्याचं पान काढून शेजारी ठेवा. आपलं आणि पुस्तकाचं कुठे जुळत नाही ते तो शोधेल.

नंतर त्याच्या शाळेत निसर्ग मंडळ असेल तर पहिलीच्या दोन-तीन मुलांना वाचून दाखवायचं काम त्याला मिळेल असं पाहा. पहिलीतली मुलं अडखळण्याला हसत नाहीत. पुस्तक आठ पानांचं, एका पानाला एक-दोन वाक्यांचं, आणि आठवडाभर आधी घरी दिलेलं असावं.